वॉरनचे अपुरे काम
बौद्ध ग्रंथांची ओळख इंग्रजीतून करून घ्यायची, तर हेन्री क्लार्क वॉरनचे 'बुद्धिझम इन ट्रान्सलेशन्स' (१८९६) आधी हाती घ्यावे. पाली ग्रंथांतील निवडक वेच्यांचे हे भाषांतर. लहानपणीच्या अपघाताने या अमेरिकन पंडिताची पाठ कायमची अधू झाली होती! त्याचा खरा जीव बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'वर, पण पाचव्या शतकातल्या त्या महाग्रंथाचे संपादन अपुरे ठेवूनच तो १८९९ साली वारला. ते पुरे करायला १९१० मध्ये हार्वर्डला गेले कोण? तर गोव्यातल्या साखवाळचे आपले धर्मानंद कोसंबी. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली. धर्मानंद १९४७ मध्येच गेले होते. भिक्षू ञाणमोलींच्या इंग्रजी भाषांतरात (१९५६) परिच्छेदांना जे आकडे आहेत, ते याच आवृत्तीचे.