कोरेगावचं वय किती?

कोरेगाव तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर जाऊन एखाद्या आजीला वय विचारा. "असंल की साठ-सत्तर," असं उत्तर येतं. जरा बोलतं केलं की मग खरी माहिती हाती लागते. मला एक आजी म्हणाल्या, "कोयनेचा भूकंप झाला तवा माझा थोरला पाळण्यात हुता." भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे तेव्हा आजी अठरा-वीसच्या धरल्या तर त्यांचा जन्म १९४७ च्या आसपासचा. आधार कार्डावर मात्र १ जानेवारी १९५५. कार्ड खरं मानलं तर आजी बाराव्या वर्षी आई झाल्या!

यात हसण्यासारखं काही नाही. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं. खऱ्या वयाने आजी २०१२ ला पात्र, कागदाच्या वयाने २०२० ला. मधली आठ वर्षं एका चुकीच्या आकड्यात गेली.

माझं संशोधन अशाच आकड्यांवर आहे. जनगणनेतली वयं जुन्या नोंदींशी ताडून बघायची, आणि खरा वयोगटांचा मनोरा कसा असेल याचा अंदाज बांधायचा. मनोरा म्हणजे तळाला लहान मुलं, वर म्हातारी माणसं, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. जुन्या जनगणनांचा मनोरा काढला की तो करवतीसारखा दिसतो. तीस, पस्तीस, चाळीस, पन्नास या वयांना माणसांची गर्दी, आणि एकतीस-एकोणचाळीसला शुकशुकाट. कारण उघड आहे, लोक वय गोळाबेरीज सांगतात. हे किती झालंय ते मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात: २३ ते ६२ वयातली शून्य किंवा पाचने संपणाऱ्या वयांची माणसं मोजायची, त्यांची पाचपट करायची, त्या वयोगटातल्या एकूण माणसांनी भागून शंभरने गुणायचं. सगळ्यांनी वय नीट सांगितलं तर उत्तर १०० च्या आसपास, आणि सगळ्यांनीच गोळाबेरीज केली तर ५००.

शाळेत गेलेल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या दाखल्यावर १ जून. नाव घालायला आलेल्या मुलाची जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशोबाने १ जून टाकून मोकळे. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो यामुळे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधीचं काही हवं असेल तर गाव नमुना १४, म्हणजे आपलं कोतवाल बुक. हल्ली लोक ते कुणबी नोंदीसाठी धुंडाळतात, मी जन्माच्या वर्षासाठी. बरीचशी पानं मोडीत आहेत. विज्ञान शाखेतून आलेल्या माणसाला मोडी शिकायला किती वेळ लागतो ते विचारू नका.

करवतीचे दाते घासून काढले की खालून खऱ्या खाचा दिसायला लागतात. १८७६-७७ च्या दुष्काळात जन्म कमी झाले, म्हणून १८८१ च्या गणनेत तीन-चार वर्षांची पोरं कमी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने तर ऐन विशी-तिशीतली माणसं नेली. ती खाच पुढच्या प्रत्येक गणनेत दहा वर्षांनी वर सरकत जाते. आकडे जुळवताना एक भानगड मात्र होते: १९४९ ला सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, १९६० ला दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे १९४१ चा 'सातारा' आणि १९६१ चा 'सातारा' हे एक नव्हेतच.

पण आपल्या भागाचा मनोरा सगळ्यात जास्त वाकवला तो मुंबईने. जिल्ह्यात १९९१ पर्यंत दर हजार पुरुषांमागे बाया हजारावर होत्या. २००१ ला हा आकडा ९९५ झाला, २०११ ला ९८८. पूर्वीच्या आकड्याचा अर्थ बायांचं भलं चाललं होतं असा घेऊ नका. गडी माणसं गिरणीत, गोदीत नाहीतर फौजेत होती, आणि गावात उरली होती म्हातारी, पोरं आणि शेत ओढणाऱ्या बाया. मनोऱ्याची पुरुषांची बाजू विशीपासून चाळिशीपर्यंत चिमटा काढल्यासारखी आत गेलेली असते, ती त्यामुळे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुष्कळ लोक ट्रंका घेऊन गावी परतले. त्यांच्यात जे चाळिशीचे होते ते आज ऐंशी ओलांडून गेलेत. ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला आहेत, त्यांना रक्तदाब तपासायलाही कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून जावं लागतं.

आता कोरेगाव शहराकडे या. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, रस्त्याच्या कडेच्या रानांचे गुंठे पडले, बंगले उभे राहिले. राहायला आलेली बहुतेक कुटुंबं तरुण आहेत. नोकरी साताऱ्याला, पोरांची शाळा इथे, आणि आई-बाप तालुक्याच्या उत्तरेकडच्या गावात. म्हणजे एकाच घराचा मनोरा मधोमध कापून दोन ठिकाणी ठेवलाय.

सोयींचे निकष मात्र डोकी मोजतात, वय नाही. साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी, सपाटीवर ५,००० ला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. हजार माणसांच्या नव्या वसाहतीत पाळणाघर आणि बालवाडी कमी पडणार, आणि हजार माणसांच्या जुन्या गावात फिजिओथेरपी, डोळ्यांचं ऑपरेशन, गुडघ्याचं दुखणं. निकष दोघांना सारखाच. त्यातही मोजलेली डोकी २०११ ची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०११ ला जन्मलेलं पोर आता दहावीच्या उंबऱ्यावर आलं, कागदावर ते अजून तान्हंच आहे. वसाहतीही कायम तरुण राहत नाहीत. सगळी कुटुंबं एकदमच आली की सगळी एकदमच म्हातारी होतात. आज बालवाडीसाठी बांधलेली खोली तीस वर्षांनी कशाला लागेल, हे आराखडा करणाऱ्याने आजच विचारायला हवं. माझ्या मते खोली तळमजल्यावर आणि बिनपायरीची बांधली तरी निम्मं काम झालं.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येईल, "आजी, वय?" म्हणेल, आणि आजी "साठ-सत्तर" म्हणतील. म्हणून मी तालुक्यापुरती घटनांची एक यादी करतोय: पत्री सरकारचे दिवस, गांधीवधानंतरची जाळपोळ, कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ, गिरण्यांचा संप. पण या सगळ्या मोठ्या घटना झाल्या. आजींना खरं आठवतं ते वेगळंच. तुमच्या गावात पहिली एसटी कोणत्या साली आली, लाइट कधी आली, देवळाचा जीर्णोद्धार कधी झाला, विहिरीला पहिलं इंजिन कुणी बसवलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, गावाच्या नावासकट मला कळवाल का? वाठार, देऊर आणि पिंपोड्याकडच्या नोंदी माझ्याकडे फारच कमी आहेत.