लिंगमळ्यातल्या सालीचं दुसरं औषध

महाबळेश्वरला लिंगमळ्याचा धबधबा बघायला गर्दी होते. पण १८६०च्या दशकात तिथे सरकारने सिंकोनाची लागवड करून पाहिली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. हिवतापावरचं क्विनाइन या झाडाच्या सालीत असतं. प्रयोग फसला. सिंकोना रुजला तो निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत.

याच सालीत क्विनाइनचं भावंड शोभेल असं क्विनिडीनही असतं. त्याची वाट दाखवली एका रुग्णाने. १९१२ साली एक डच व्यापारी डॉ. कार्ल वेंकेबाख यांच्याकडे आला. नाडी अनियमित. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा हा गृहस्थ म्हणे आपण उद्या नाडी ठीक करूनच येतो. आला, आणि नाडी खरंच एका लयीत! पूर्वेकडच्या मुलखात हिवतापासाठी क्विनाइन घ्यायची सवय होती. त्याचाच एक ग्रॅम घेतला होता. पुढे १९१८ मध्ये वॉल्टर फ्राय यांनी सालीतल्या द्रव्यांची तुलना केली. नाडी लयीत आणण्यात क्विनिडीन सरस ठरलं.

मग ते जगभर लिहून दिलं जाऊ लागलं. काही रुग्ण मात्र ते घेताना अचानक बेशुद्ध पडत. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या सेल्झर आणि रे यांनी कारण नोंदवलं: ठोक्यांची लय सांभाळणारं औषधच जीवघेणी अनियमितता निर्माण करत होतं. दोन ठोक्यांमध्ये हृदयाच्या पेशी पूर्ववत व्हायला क्विनिडीन जास्त वेळ लावतं, आणि तेवढ्यात भलतंच चक्र सुरू होतं. त्यात डिगॉक्सिन हे हृदयाचं दुसरं औषध चालू असेल, तर रक्तातली त्याची पातळीही वाढते.

तरीही हिशेब मांडायला १९९० उजाडलं. सहा चाचण्यांतले ८०८ रुग्ण एकत्र पाहिले, तेव्हा वर्षभराने क्विनिडीनवाल्यांपैकी ५० टक्क्यांची लय टिकली होती, इतरांपैकी २५ टक्क्यांची. मृत्यू मात्र २.९ टक्के आणि ०.८ टक्के. इतकी वर्षं डॉक्टर नाडी मोजत राहिले; माणसं मोजायची राहिली.

कोरोनाच्या साथीत, २०२०च्या एप्रिलमध्ये, धारावीत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन वाटण्याचा बेत मुंबईत आखला गेला आणि लांबणीवर पडला, तेव्हाही हृदयाची हीच धास्ती चर्चेत होती. हे औषध कारखान्यातलं, पण क्विनाइनच्याच वळणाचं.

क्विनिडीनचा खप घटला, कंपन्यांनी हात काढून घेतला. मात्र ब्रुगाडा सिंड्रोम या आनुवंशिक विकाराच्या काही रुग्णांना आजही तेच वाचवतं, आणि २०१३ मधल्या एका पाहणीत बहुतेक देशांत ते मिळतच नसल्याचं आढळलं.