युद्ध, गायक आणि लोकक्षोभ : १९४२ च्या दोन मराठी आवाजांच्या संदर्भात

प्रास्ताविक

युद्धकाळात गायकाने युद्धाविषयी मतप्रदर्शन केले म्हणजे श्रोतृवर्ग त्याच्यावर उलटतो, हा अनुभव जगाला नवा नाही. १० मार्च २००३ रोजी लंडनमधील एका कार्यक्रमात ‘डिक्सी चिक्स’ या अमेरिकन गायिकांच्या संचातील नॅटली मेन्स हिने, अध्यक्ष बुश हे आपल्याच टेक्सास राज्याचे असल्याची लाज वाटते, अशा आशयाचे उद्गार काढले. इराकवरील आक्रमणास तेव्हा जेमतेम दहा दिवस उरले होते. अनेक नभोवाणी केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली आणि कालपर्यंतच्या चाहत्यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रिका रस्त्यावर आणून चिरडल्या. पुढे २००७ मध्ये याच संचाला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

अशा घटनांवरून एक गृहीतक रूढ झाले आहे. युद्धाला विरोध केला म्हणून लोक चिडतात, असे ते होय. महाराष्ट्राच्या अनुभवावर हे गृहीतक तपासून पाहिले असता ते टिकत नाही. १९४२ मध्ये युद्धयंत्रणेच्या विरोधात उभा राहिलेला एक गायक आपल्याकडे लोकांच्या गळ्यातील ताईत झाला, तर युद्धाच्या बाजूने गाणारे शाहीर ज्या पक्षाचे होते त्या पक्षावर देशद्रोहाचा शिक्का बसला. प्रस्तुत लेखात या विरोधाभासाचा विचार केला आहे.

पोवाड्याचे मूळ

आरंभी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मराठी शाहिरीचा जन्मच रणांगणाच्या सान्निध्यात झाला. उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुना मानला जाणारा अज्ञानदासाचा पोवाडा १६५९ च्या अफजलखान वधाचा आहे. पानिपताच्या संहारावरही पोवाडे रचले गेले. त्यांत हळहळ आहे, शोक आहे. पण युद्धच नको, असा सूर नाही. त्यामुळे मराठी शाहीर युद्धाविषयी बोलतो तेव्हा श्रोत्याचा पहिला प्रश्न ‘युद्ध हवे की नको’ असा नसतो. ‘हे युद्ध कोणाचे’ असा तो असतो.

जनयुद्ध आणि जनक्षोभ

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न अत्यंत तीव्र झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने भारतीय लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले आणि त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून विनोबा भावे पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. त्या काळी युद्धाविरुद्ध जाहीरपणे बोलणे हाच गुन्हा होता आणि लोकांच्या दृष्टीने तीच देशसेवा होती.

कम्युनिस्ट पक्ष आरंभी याच बाजूला होता. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, आणि काही महिन्यांतच पक्षाच्या लेखी ‘साम्राज्यशाही युद्धा’चे ‘जनयुद्ध’ झाले. जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली. ८ ऑगस्ट रोजी मुंबईत ‘छोडो भारत’ ठरावाच्या विरोधात पडलेली तेरा मते कम्युनिस्ट सभासदांची होती. नेते तुरुंगात, तरुण भूमिगत आणि एक पक्ष मात्र सरकारला युद्धात साहाय्य करा असे सांगणारा, हे चित्र राष्ट्रवादी मध्यमवर्गाला सहन होण्यासारखे नव्हते. डिसेंबर १९४५ मध्ये काँग्रेसने कम्युनिस्टांना आपल्या संघटनेतून दूर केले.

याच काळात अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला (१९४३). पुढील वर्षी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. पक्षावरील रोषाचा वाटा पक्षाच्या गायकांकडे येणे अपरिहार्य होते. तथापि येथे सरसकट विधान करणे धोक्याचे आहे. गिरणगावातील कामगार हा या शाहिरांचा स्वतःचा श्रोता होता. वाटेगावहून मुंबईस येऊन हलाखीत दिवस काढलेला अण्णा भाऊ आणि बार्शीचा अमर शेख हे त्याला आपल्यातलेच वाटत. रशियातील एका दूरच्या शहराची झुंज डफ-तुणतुण्यावर ऐकताना त्या श्रोत्याला त्यात आपल्याच लढ्याची छाया दिसत असावी. एकच पोवाडा चाळीत एक अर्थ घेऊन जात होता आणि सुशिक्षितांच्या सभेत दुसराच. ‘लोकक्षोभ’ म्हणताना कोणते लोक, हे स्पष्ट करण्याचे कष्ट आपल्या इतिहासलेखनाने फारसे घेतलेले नाहीत.

हा क्षोभ टिकला किती? स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर आणि लाल बावटा कलापथकावर बंदी आणली. अण्णा भाऊंनी मग ‘लोकनाट्य’ हे नाव व रूप पुढे आणले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मात्र हेच शाहीर घरोघरी पोहोचले आणि १९४२ चा डाग धुऊन निघाला. (विदर्भात त्या चळवळीविषयी एकमत नव्हते, हे कारंज्यात बसून लिहिताना विसरता येत नाही.) जनतेचा राग दहा-पंधरा वर्षांत निवला, तो निवू लागला होता त्याच काळात शासनाचा राग पेटला होता. या दोहोंची गल्लत होऊ नये.

पॉल रोबसन यांच्या उदाहरणात हा भेद अधिक ठळक होतो. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत त्यांनी केलेले भाषण वृत्तसंस्थेने विपर्यस्त स्वरूपात प्रसृत केले. त्याच वर्षी २७ ऑगस्टला पीकस्किल येथील त्यांचा कार्यक्रम जमावाने होऊ दिला नाही. ४ सप्टेंबरला तो झाला, तेव्हा परतणाऱ्या श्रोत्यांच्या गाड्यांवर दगडफेक होऊन शंभराहून अधिक लोक जखमी झाले. १९५० मध्ये शासनाने त्यांचे पारपत्र रद्द केले, ते १९५८ पर्यंत परत मिळाले नाही. जमावाचा राग एका पंधरवड्यातला, शासनाचा आठ वर्षांचा. एप्रिल १९५८ मध्ये रोबसन यांची साठी भारतात साजरी झाली. त्या समितीचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी स्वीकारले होते आणि पंडित नेहरूंनी उपक्रमास जाहीर पाठिंबा दिला होता. अमेरिकी अधिकाऱ्यांनी हा समारंभ टाळण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला.

खंजिरीचा आवाज

आता वऱ्हाडाकडे वळू. १९४२ मध्ये कारंजा अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यात होते (वाशीम जिल्हा १९९८ मधला). कापसासाठी टाकलेली मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज रेल्वे गावावरून जात असे. या मुलखात गिरणगावचा पोवाडा नव्हे, तर खंजिरीवरचे भजन लोकमानसाची भाषा झाले होते. यावलीस जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला होता. १९४२ च्या पावसाळ्यात त्यांच्या भजनांनी चिमूर परिसर भारावलेला होता. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाले. महिनाअखेर चंद्रपूर येथे महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. सरकारच्या लेखी ते युद्धकाळात प्रजेला चिथावणारे होते. लोकांच्या लेखी ते अधिकच पूज्य झाले.

एकाच वर्षाची ही दोन चित्रे शेजारी ठेवली असता लोकक्षोभाचे मोजमाप कशाने होते ते दिसते. युद्ध योग्य की अयोग्य यावर ते ठरत नाही. ‘आपला’ म्हणून मानलेला गायक आपल्या बाजूला आहे की नाही, यावर ठरते. डिक्सी चिक्सवरील संताप इतका तीव्र होता तो यामुळेच. त्या परक्या असत्या तर त्यांचे बोलणे कोणी मनावर घेतले नसते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले आणि हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. अमर शेख यांनी देशरक्षणाची गाणी गायिली. तुकडोजी महाराज जवानांसाठी भजने गाण्यास सीमेवर गेले आणि १९६५ मध्ये पुन्हा गेले. याच महाराजांनी १९५५ मध्ये जपानमधील विश्वशांती परिषदेत भाग घेतला होता. या दोन कृतींत विसंगती आहे काय, असे मी वर्गात विचारतो, तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांना ती जाणवत नाही. अमर शेखांच्या १९४३ आणि १९६२ मध्ये मात्र ती त्यांना तत्काळ दिसते.