सर्च (गडचिरोली)

सर्च ही महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात लोकआरोग्याचे संशोधन व सेवा करणारी स्वयंसेवी संस्था आहे. ‘सोसायटी फॉर एज्युकेशन, ॲक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ हे तिचे पूर्ण नाव. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली येथे कार्य सुरू केले. गरीब समाजात संशोधन कोणासाठी व कोणत्या अटींवर करावे, या प्रश्नाच्या संदर्भात संस्थेचे कार्य विशेष अभ्यसनीय आहे.

== लोकांची गरज ==
आरंभी संस्थेने सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे सर्वेक्षण केले. विकार आढळला, परंतु लोकांच्या लेखी तो निकडीचा प्रश्न नव्हता. आपण विषय लोकांना न विचारता निवडला, या आशयाची कबुली अभय बंग यांनी पुढे दिली. रुग्णालय उभारताना मात्र प्रथम गोंड आदिवासींना विचारण्यात आले. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यानुसार धानोरा मार्गावरील शोधग्राम येथे आदिवासी पाड्यासारख्या कुटींचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले.

राणी बंग यांच्या दोन गावांतील पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे दिसले (‘लॅन्सेट’, १९८९). जिल्ह्यातील दारूविरोधी चळवळीतही संस्थेचा सहभाग होता. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

== नवजात बालकांची घरोघरी काळजी ==
हा प्रयोग ३९ गावांत झाला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत केवळ प्रचलित सेवा चालू राहिल्या. गावातीलच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण दिले गेले. १९९५-९६ या वर्षी त्यांनी मुख्यतः निरीक्षण व नोंदी केल्या. आजारी बालकाला रुग्णालयात नेण्याचा सल्ला दिला जाई, पण फार थोडी कुटुंबे तसे करू शकली. त्यानंतर जंतुसंसर्ग झालेल्या बालकाला, पालकांच्या संमतीने, घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यास आरोग्यदूतांनी आरंभ केला. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने तान्ह्या मुलाला इंजेक्शन देणे ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट होती.

१९९७-९८ मध्ये प्रयोगाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५, तर तुलनेच्या गावांत ५९.६ होते (‘लॅन्सेट’, १९९९). या दोन आकड्यांतील अंतर हेच प्रयोगाचे यश होय, आणि त्यातील नैतिक पेचही तेथेच आहे. तुलनेच्या गावांतील बालकांना ही सेवा मिळाली नाही. आणि ती गावे नसती तर परिणाम निर्विवाद सिद्ध झाला नसता. हा पेच केवळ आकडेवारीने सुटणारा नाही.

पुढे भारत सरकारने ही पद्धत स्वीकारली. २०११ पासून आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन नवजात बालकांची तपासणी करतात.