हंबनटोटा बंदर चीनने खरंच ‘जप्त’ केलं का? समजून घ्या संपूर्ण प्रकरण

‘श्रीलंकेला कर्ज फेडता आलं नाही, म्हणून चीनने हंबनटोटा बंदर काढून घेतलं.’ हा मेसेज तुमच्या व्हॉट्सॲपवर कधी ना कधी आलाच असेल. त्यात अर्धं सत्य आहे. बंदर चिनी कंपनीच्या ताब्यात आहे, हे खरं. पण कर्ज थकलं म्हणून ते जप्त झालं, हे खरं नाही. हा फरक समजला, तर भारताने नेमकी कशाची काळजी करायची, हेही समजतं.

बंदर कुणी आणि का बांधलं?

हंबनटोटा श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. युरोप आणि आखातातून पूर्व आशियाकडे जाणारा जहाजांचा मुख्य मार्ग तिथून सुमारे 10 सागरी मैलांवर आहे. तिथे बंदर असावं ही कल्पना मुळात चीनची नाही. श्रीलंकेत ती जुनीच होती आणि कॅनडा व डेन्मार्कच्या सल्लागार कंपन्यांनी तिचा अभ्यासही केला होता.

महिंदा राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर या कल्पनेला वेग आला. हंबनटोटा हा त्यांचा स्वतःचा जिल्हा. 2008 मध्ये काम सुरू झालं आणि नोव्हेंबर 2010 मध्ये उद्घाटन झालं. शी जिनपिंग यांनी ‘बेल्ट अँड रोड’ची घोषणा केली ती त्यानंतर, 2013 मध्ये.

पैसा चीनच्या एक्झिम बँकेने दिला. पहिल्या टप्प्यासाठी 30.7 कोटी डॉलर, तेही 6.3 टक्के व्याजाने. पुढचे टप्पे धरून कर्ज सुमारे 1.3 अब्ज डॉलरवर गेलं.

मग अडलं कुठे?

जहाजं आलीच नाहीत. समोरून वर्षाला हजारो जहाजं जात असताना 2012 मध्ये हंबनटोटाला अवघी 34 जहाजं थांबली. कारण मोक्याची जागा असली म्हणून बंदर चालतंच असं नाही. मोठ्या जहाजावरून माल उतरवून तो छोट्या जहाजांनी पुढे पाठवायचा (याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात), तर त्या छोट्या जहाजांचं जाळं लागतं. ते जाळं कोलंबोत आधीपासून होतं, आणि कोलंबोच्या या व्यवसायाचा मोठा हिस्सा भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचा होता.

2017 मध्ये नेमकं काय झालं?

राजपक्षे 2015 मध्ये सत्तेतून गेले. नव्या सरकारपुढे डॉलरची चणचण होती. श्रीलंकेने आंतरराष्ट्रीय बाजारात रोखे विकून भरपूर कर्ज उचललं होतं आणि त्याची परतफेड तोंडावर आली होती. तेव्हा 29 जुलै 2017 रोजी चायना मर्चंट्स पोर्ट या चिनी सरकारी समूहातील कंपनीशी करार झाला. 1.12 अब्ज डॉलर, सुमारे 70 टक्के हिस्सा, 99 वर्षांचा भाडेपट्टा.

इथेच खरी मेख आहे. या पैशातून हंबनटोटाचं कर्ज फिटलं नाही. डॉलर देशाच्या परकीय चलनसाठ्यात गेले आणि एक्झिम बँकेचं कर्ज श्रीलंका सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. घर दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावं, आलेल्या पैशातून इतर देणी भागवावीत आणि गृहकर्जाचे हप्ते मात्र चालूच राहावेत, असा हा प्रकार.

एप्रिल 2022 मध्ये श्रीलंकेने सुमारे 51 अब्ज डॉलरच्या परकीय कर्जाची परतफेड थांबवली. त्या कर्जात सर्वांत मोठा वाटा रोख्यांचा होता, चीनचा साधारण एक पंचमांश. याचा अर्थ चीन निर्दोष आहे असा नाही. चिनी कर्जकरारांत गोपनीयतेची कलमं सर्रास असतात. त्यामुळे कर्जाचा खरा आकडा जनतेला उशिरा कळतो.

तिथे चीनचा लष्करी तळ आहे का?

नाही. करारानुसार बंदराची सुरक्षा श्रीलंकेकडे आहे आणि लष्करी वापराला श्रीलंकेची परवानगी लागते. पण ही परवानगी कुठल्या परिस्थितीत दिली जाते, हे तीन घटनांतून दिसतं.

• 2014: चिनी पाणबुडी दोनदा श्रीलंकेत आली. ती हंबनटोटाला नव्हे, तर कोलंबोतील चिनी कंपनीच्या टर्मिनलला लागली.

• मे 2017: पंतप्रधान मोदींच्या दौऱ्याच्या सुमारास चिनी पाणबुडीला कोलंबोने परवानगी नाकारली.

• ऑगस्ट 2022: उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं ‘युआन वांग 5’ हे चिनी जहाज हंबनटोटाला आलं. भारताच्या आक्षेपानंतर श्रीलंकेने आधी ‘थोडं थांबा’ म्हटलं आणि मग परवानगी दिली.

त्या वर्षी भारताने श्रीलंकेला सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत केली होती. पण कर्जाची फेररचना करायची तर चीनचा होकारही हवा होता. म्हणजे करारात अधिकार श्रीलंकेचाच असला, तरी ‘नाही’ म्हणण्याची ताकद तिजोरीत किती पैसा आहे, यावर ठरते.

इतर देशांत काय घडलं?

• पिरेअस (ग्रीस): आर्थिक संकटात कर्जदात्यांच्या अटींमुळे ग्रीसने खासगीकरण केलं. 2016 मध्ये चीनच्या कॉस्कोने बंदर प्राधिकरणाचा 51 टक्के हिस्सा घेतला, जो पुढे 67 टक्के झाला. व्यवसाय प्रचंड वाढला. मात्र 2017 मध्ये चीनच्या मानवी हक्कांवर टीका करणारं युरोपीय संघाचं निवेदन ग्रीसनेच अडवलं.

• ग्वादर (पाकिस्तान): 2013 पासून चिनी कंपनीकडे. चर्चा मोठी, मालवाहतूक फारच कमी.

• जिबुती: इथे मात्र 2017 मध्ये चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ उभा राहिला, चिनी गुंतवणूक असलेल्या बंदराला लागूनच.

भारत काय करतोय?

केरळमधलं विळिंजम डिसेंबर 2024 मध्ये, तर कोलंबोत अदानी समूहाचा सहभाग असलेलं टर्मिनल 2025 मध्ये कार्यरत झालं. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ 76,220 कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला केंद्राने जून 2024 मध्ये मंजुरी दिली. त्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोध आहे. मोठी जहाजं थेट भारतातच लागावीत, हा विळिंजम आणि वाढवणमागचा समान हेतू.

पुढच्या वेळी असा मेसेज आला तर?

तीन प्रश्न विचारा. बंदर कुणाच्या मालकीचं आहे आणि कोण चालवतं? तिथे जहाजं खरोखर येतात का? आणि त्या देशाला पुढचा हप्ता कुणाला द्यायचा आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बातमीत सहज मिळतं. पण उद्या तिथे कुणाची युद्धनौका थांबेल, याचा अंदाज बहुतेकदा तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून येतो.