रात्रीस खेळ चाले (मराठी दूरचित्रवाणी मालिका)

रात्रीस खेळ चाले : झी मराठी वाहिनीवरील रहस्य-भयमालिका. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका नाईक कुटुंबाची, त्यातील वैराची आणि सुडाची ही गोष्ट आहे. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात झाले आणि बहुतेक पात्रांच्या तोंडी मालवणी बोली आहे. मालिकेची तीन पर्वे झाली : पहिले २२ फेब्रुवारी ते २२ ऑक्टोबर २०१६, दुसरे १४ जानेवारी २०१९ ते २९ ऑगस्ट २०२० आणि तिसरे २२ मार्च २०२१ ते २९ जानेवारी २०२२. मालिकेचे नाव ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या चित्रपटातील गीतावरून घेतले आहे. हे गीत सुधीर मोघे यांचे असून त्याला हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आहे.

कथानक : पहिले पर्व घरातील कर्ते पुरुष अण्णा नाईक यांच्या मृत्यूपासून सुरू होते. मुंबईला असलेला थोरला मुलगा माधव, गावी राहून घर-शेती पाहणारा दत्ता, धाकटा अभिराम, विधवा मुलगी छाया, सुना, नोकर पांडू आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारी अण्णांची पत्नी माई असे सारे घर एका छपराखाली येते. मग एकामागून एक अनाकलनीय प्रकार घडू लागतात. हे भुताचे काम की माणसाचे, या प्रश्नावर पर्व उभे आहे. विज्ञाननिष्ठ सून नीलिमा प्रत्येक प्रकारामागचे कारण शोधते, तर घरातील इतरांची धाव देवाच्या कौलाकडे आणि मांत्रिकाकडे असते. त्यातच अण्णांच्या बाहेरच्या संबंधातून झालेल्या मुलीच्या हक्काचा प्रश्न उभा राहतो आणि घराची अब्रू व जमिनीची वाटणी एकमेकांत गुंततात.

दुसरे पर्व काळाने मागे जाते. त्यात अण्णा हयात आहेत : जमीनदार, लोभी, संतापी, बायकांच्या मागे लागणारे, दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारे. पाटणकर नावाच्या गृहस्थांची बायको शेवंता त्यांच्या आयुष्यात येते आणि या संबंधात दोन्ही घरे होरपळतात. अण्णांशी उघड वैर धरणारी वच्छीही याच पर्वात ठळक होते. तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता मरणानंतरही वाड्याचा पिच्छा सोडत नाहीत. जिवंतपणी केलेल्या पापांची वसुली पुढच्या पिढीकडून होते.

कलावंत व निर्मिती : पहिल्या दोन पर्वांचे दिग्दर्शन राजू सावंत यांनी केले. लेखनात प्रल्हाद कुडतरकर यांचा मोठा वाटा असून पांडूची भूमिकाही त्यांचीच आहे. गोष्ट अर्ध्यावर सोडून ‘इसारलंय’ म्हणणारा, भोळा की कावेबाज हे कळू न देणारा पांडू घरोघरी लाडका झाला. अण्णांच्या भूमिकेत माधव अभ्यंकर आणि माईच्या भूमिकेत शकुंतला नरे आहेत. मंगेश साळवी यांनी माधवचे आणि सुहास शिरसाट यांनी दत्ताचे काम केले. शेवंता अपूर्वा नेमळेकर यांनी उभी केली. तिसऱ्या पर्वात पुढे ही भूमिका कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली. करोनाच्या टाळेबंदीमुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वाच्या प्रसारणात खंड पडला.

घर आणि परिसर : मालिकेचा वाडा रंगमंचावर उभारलेला देखावा नाही, आकेरीतील खरेखुरे जुने घर आहे. पुढे सारवलेले खळे, त्यात तुळस, मग लोटा (ओसरी), माजघरातला अंधार, मागे बाव (विहीर) आणि माडांची दाटी, अशी या घरांची ठेवण सिंधुदुर्गात आजही दिसते. दिग्दर्शकाने या ठेवणीचा नेमका उपयोग केला आहे. माई हातात दिवा घेऊन माजघरातून लोट्यावर येते, तेव्हा उजेड उंबऱ्यापर्यंतच पोचतो. खळ्यापलीकडे कोण उभे आहे ते तिला दिसत नाही आणि प्रेक्षकालाही नाही. पावसाचा सडसडाट, रातकिडे आणि माडाच्या झावळ्यांचा आवाज हे इथल्या रात्रीचे रोजचेच आवाज आहेत, म्हणून भीतीही खरी वाटते. मालिका गाजल्यावर हा वाडा पाहण्यासाठी पर्यटक आकेरीला येऊ लागले.

वैराचे मूळ : मालिकेतील सूड जमिनीतून उगवतो आणि कोकणात हे पटण्याजोगे आहे. येथे शतकानुशतके खोती होती. १९४८ चा कुळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आल्यावर कुळे आणि जमीनदार यांचे संबंध पालटले, पण जुनी दुखणी राहिली. घरटी एक-दोन माणसे मुंबईला गेली, घर आणि आगर सामाईक राहिले आणि सातबाऱ्यावर नावांची रांग वाढत गेली. गणपतीला चाकरमानी गावी येतो तेव्हा आरतीइतकीच वाटणीचीही चर्चा होते. नाईकांच्या घरातील भांडण त्यामुळे प्रेक्षकाला परके वाटत नाही. दुसरे मूळ बाईवरच्या अन्यायाचे आहे. शेवंतेला अण्णांनी भोगले, पण मान दिला नाही. माईने सारे पाहिले आणि गिळले. एकीचा राग मेल्यावर बोलतो, दुसरीचा जन्मभर मुका राहतो. मालिकेचा खरा गाभा या दोघींमध्ये आहे.

परंपरा : सिंधुदुर्गाला रात्रीच्या खेळाची सवय जुनी आहे. कार्तिकानंतर जत्रांच्या हंगामात देवळापुढे दशावतार हे लोकनाट्य रात्रभर चालते. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर अशा मंडळांची नाटके शाप, युद्ध आणि सूड यांच्या आख्यानांनी भरलेली असतात आणि लिखित संहितेवाचून रंगतात. मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर मान मिळवून दिला तो गंगाराम गवाणकर लिखित आणि मच्छिंद्र कांबळी अभिनीत ‘वस्त्रहरण’ने (१९८०). तेव्हापासून मालवणी म्हणजे विनोद असे समीकरण रूढ झाले होते. ‘रात्रीस खेळ चाले’ने याच बोलीतून दहशत, लोभ आणि दुःख बोलून दाखवले. साहित्यात हा काळोख चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–७६) यांनी आधीच लिहिला होता. त्यांच्या ‘कोंडुरा’ आणि ‘रात्र काळी घागर काळी’ या कादंबऱ्यांत याच मातीतील वासना, श्रद्धा आणि भय आहे. मराठी भयकथेचा वाचक नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी घडवला. मतकरींच्या कथांवरील ‘गहिरे पाणी’ ही मालिकाही गाजली होती.

जगभर दूरचित्रवाणीने वैर आणि भूत यांची सांगड घातलेली आहे. थायलंडमध्ये सूडकथा हा मालिकांचा आवडता विषय आहे. तेथील ‘गर्ल फ्रॉम नोव्हेअर’ (२०१८) या थरारमालिकेत नान्नो नावाची गूढ मुलगी शाळाशाळांतून फिरते आणि लपवलेल्या गुन्ह्यांची शिक्षा देते. नान्नोला घर नाही, नातेवाईक नाहीत, म्हणून ती कोणाचाही न्याय करू शकते. शेवंता मात्र एकाच वाड्याला, एकाच माणसाला आणि एकाच गावाच्या कुजबुजीला बांधलेली आहे. तिचा सूड नात्यातून येतो, म्हणून तो अधिक झोंबतो.

वाद : पहिले पर्व सुरू होताच कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, अशी टीका झाली आणि मालिका बंद करण्याची मागणी पुढे आली. राज्यात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला होता, त्या पार्श्वभूमीवर हा आक्षेप गंभीर होता. त्यात तथ्य आहे. सिंधुदुर्गातील लोकश्रद्धेत रात्री फिरणारे दैवत मुख्यतः राखणदार आहे. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो गावाच्या रक्षणासाठी रात्री फिरतो असे मानतात. गाऱ्हाणे घालण्यातही भीतीपेक्षा भरवसा अधिक असतो. मालिकेने या श्रद्धेतील आधार कमी आणि धास्ती जास्त दाखवली. मात्र पहिल्या पर्वाने नीलिमेच्या रूपाने प्रश्न विचारणारा आवाजही घरात ठेवला होता, हे विसरता कामा नये.

मूल्यमापन : तीन पर्वांत पहिले सर्वांत घट्ट विणलेले आहे, कारण त्यात भूत आहे की नाही हा संशय टिकून राहतो. दुसरे पर्व व्यक्तिचित्रणात श्रेष्ठ आहे. अण्णा हा मराठी दूरचित्रवाणीवरील सर्वांत ताकदीच्या खलपुरुषांपैकी एक होय आणि शेवंतेला नुसती ‘वाईट बाई’ न ठरवण्याची समज लेखनात आहे. तिसऱ्या पर्वात भुते उघड वावरू लागल्यावर संशय संपला आणि कथा सैल झाली. या मालिकेचे मोल तिच्या भुतांपेक्षा तिच्या माणसांत आहे. जमिनीचा लोभ आणि बाईचा अपमान यांचा हिशेब पुढच्या पिढीला चुकवावा लागतो, हे तिने मालवणी मुलखाच्या बोलीत आणि त्याच मुलखातील घरात ठामपणे सांगितले.