जगाच्या अनादित्वाचा वाद

जगाच्या अनादित्वाचा वाद हा तेराव्या शतकात प्रामुख्याने पॅरिस विद्यापीठात झालेला तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या या क्षेत्रांतील एक महत्त्वाचा वाद आहे. ईश्वराने निर्माण केलेल्या जगाला कालदृष्ट्या आरंभ असलाच पाहिजे काय आणि तसा आरंभ आहे हे केवळ बुद्धीच्या आधारे सिद्ध करता येते काय, हे या वादातील दोन मुख्य प्रश्न होत. जगाला आरंभ आहे ही धर्मशिकवण वादातील प्रमुख ख्रिस्ती विचारवंतांनी मान्य केली होती. मतभेद होता तो ही शिकवण युक्तिवादाने सिद्ध होते की ती केवळ श्रद्धेने स्वीकारावयाची आहे, याविषयी. बोनाव्हेंचर, थॉमस अक्वायनस, ब्राबांटचा सीजर आणि डेशियाचा बोएथियस हे या वादातील प्रमुख विचारवंत होत. या चर्चेतून ‘निर्मिती’ या संकल्पनेचा अर्थ अधिक काटेकोर झाला आणि बुद्धी व श्रद्धा यांच्या मर्यादांचा प्रश्न ऐरणीवर आला.

पार्श्वभूमी

ईश्वराने आरंभी आकाश व पृथ्वी निर्माण केली, या कथनाने बायबलमधील ‘उत्पत्ती’ या ग्रंथाची सुरुवात होते. ईश्वराने जग पूर्वीपासून असलेल्या कोणत्याही द्रव्यातून घडवले नाही, तर शून्यातून निर्माण केले, हा सिद्धांत ख्रिस्ती परंपरेत लवकरच रूढ झाला. मग निर्मितीपूर्वी ईश्वर काय करीत होता, असा आक्षेप घेतला जाई. सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने आपल्या आत्मनिवेदनपर ग्रंथात त्याला उत्तर दिले. काळ हाही जगाबरोबरच निर्माण झाला असल्यामुळे ‘निर्मितीपूर्वीचा काळ’ हा शब्दप्रयोगच निरर्थक ठरतो, असे त्याचे म्हणणे होते.

ऑगस्टीननंतर सुमारे शतकाने रोमन तत्त्वज्ञ बोएथियस याने अनादी असणे आणि शाश्वत असणे यांत भेद केला. ज्याचा काळ मागे व पुढे अमर्याद पसरलेला आहे, ते अनादी व अनंत होय. ज्याचे समग्र जीवन कोणत्याही क्रमाविना एकाच वेळी उपस्थित असते, ते शाश्वत होय. या अर्थाने जग अनादी मानले तरी ते ईश्वराच्या बरोबरीचे होत नाही. पुढील वादात हा भेद निर्णायक ठरला.

ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांचा प्रवेश

बाराव्या व तेराव्या शतकांत अरबी आणि ग्रीक भाषांतून झालेल्या लॅटिन भाषांतरांमुळे ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ पश्चिम युरोपात पोहोचले. प्रत्येक गतीच्या आधी दुसरी गती असते आणि प्रत्येक ‘आता’ हा क्षण भूतकाळाचा शेवट व भविष्यकाळाचा आरंभ असतो. म्हणून गती व काळ यांना आरंभ असू शकत नाही, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. या ग्रंथांबरोबरच इब्न सीना (९८०–१०३७) व इब्न रुश्द (११२६–११९८) यांचे लेखनही लॅटिन वाचकांना उपलब्ध झाले. ज्यू तत्त्वज्ञ मायमॉनिडीझ याने मात्र जगाचे अनादित्व किंवा त्याचा आरंभ, यांपैकी काहीही निर्णायकपणे सिद्ध करता येत नाही, अशी भूमिका घेतली होती. अक्वायनसवर तिचा प्रभाव पडला.

ईश्वराने काळाच्या आरंभी सर्व सृष्टी शून्यातून निर्माण केली, अशी घोषणा चर्चच्या १२१५ मधील चौथ्या लॅटरन परिषदेने केली. पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनावर १२१० मध्ये बंदी घालण्यात आली होती. तथापि १२५५ पर्यंत हेच ग्रंथ तेथील कला विद्याशाखेच्या अभ्यासक्रमात नेमले गेले. त्यामुळे परिषदेच्या घोषणेशी विसंगत वाटणारे युक्तिवाद अध्यापकांना आता वर्गात रोज समजावून सांगावे लागत होते.

बोनाव्हेंचरची भूमिका

फ्रान्सिस्कन संघातील बोनाव्हेंचर (मृत्यू १२७४) याच्या मते जग निर्मित आहे आणि तरीही अनादी आहे, असे म्हणणे आत्मविसंगत आहे. ‘शून्यातून निर्माण होणे’ याचा अर्थच ‘नसण्यानंतर असणे’ असा होतो, असे त्याने प्रतिपादन केले. याशिवाय अनंताच्या संकल्पनेवर आधारलेले अनेक युक्तिवाद त्याने मांडले. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे :

• जे अनंत आहे त्यात भर पडू शकत नाही. परंतु गेलेल्या दिवसांत दररोज एका दिवसाची भर पडते.
• सूर्याच्या एका आवर्तनात चंद्राची बारा आवर्तने होतात. जग अनादी असते, तर एक अनंत दुसऱ्या अनंतापेक्षा मोठे ठरले असते.
• अनंत अंतर ओलांडता येत नाही. भूतकाळ अनंत असता, तर आजचा दिवस कधीच उजाडला नसता.
• मनुष्यजात अनादी असती, तर आज अमर आत्म्यांची संख्या प्रत्यक्षात अनंत असती. असे प्रत्यक्ष अनंत खुद्द ॲरिस्टॉटललाही अमान्य होते.

यांतील काही युक्तिवादांची मुळे सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती विचारवंत जॉन फिलोपोनस याच्यापर्यंत पोहोचतात. ते अल् गझाली याच्यासारख्या मुस्लिम विचारवंतांच्या लेखनातही आढळतात.

अक्वायनसची भूमिका

डॉमिनिकन संघातील थॉमस अक्वायनस (सु. १२२५–१२७४) याने निर्मितीचा विचार कालक्रमाऐवजी सत्तेच्या दृष्टीने केला. एखादी वस्तू काय आहे आणि ती आहे की नाही, हे दोन भिन्न प्रश्न आहेत, असे त्याने इब्न सीनाच्या विचारांचा आधार घेऊन ‘दे एन्ते एत एस्सेन्तिया’ या आरंभीच्या ग्रंथात दाखवून दिले. फिनिक्स पक्षी म्हणजे काय हे आपणांस समजू शकते. पण तेवढ्यावरून तो अस्तित्वात आहे की नाही हे कळत नाही. वस्तूचे सत्त्व आणि तिचे अस्तित्व यांतील हा भेद ईश्वराखेरीज सर्वांना लागू होतो. ईश्वराचे सत्त्व हेच त्याचे अस्तित्व आहे. इतर सर्व वस्तूंना अस्तित्व दुसऱ्याकडून लाभते.

या विवेचनानुसार निर्मिती हा बदल नव्हे. बदल होण्यासाठी आधी काहीतरी असावे लागते. निर्मितीत तसे काहीच गृहीत नसते. जगाचे अस्तित्वासाठी ईश्वरावर सर्वस्वी अवलंबून असणे, म्हणजेच त्याचे निर्मित असणे होय. गवंडी निघून गेला तरी घर उभे राहते. सूर्य मावळताच मात्र हवेतील प्रकाश नाहीसा होतो. जगाचा ईश्वराशी असलेला संबंध या दुसऱ्या प्रकारचा आहे. म्हणून जग अनादी असते तरीही ते तितकेच निर्मित आणि तितकेच परावलंबी राहिले असते.

सु. १२७१ मध्ये लिहिलेल्या ‘दे एतेर्निताते मुंदी’ या छोट्या ग्रंथात अक्वायनसने हाच प्रश्न थेट हाताळला. कारण हे कार्याच्या आधी काळात असलेच पाहिजे असे नाही. तसेच ‘शून्यातून’ याचा अर्थ ‘कशातूनही नव्हे’ एवढाच आहे. त्यामुळे निर्मित असणे व आरंभरहित असणे यांत विसंगती नाही, असे त्याने दाखवले. धुळीत अनादी काळापासून एखादे पाऊल असेल, तर त्याच्याखालचा ठसाही अनादीच असेल. तरीही तो ठसा पावलामुळेच उमटला आहे, हे खरे राहते. ऑगस्टीनने नोंदवलेला हा प्लेटोवाद्यांचा दृष्टांत अक्वायनसनेही वापरला.

अनंत अंतर ओलांडण्याच्या युक्तिवादालाही त्याने उत्तर दिले. ओलांडणे हे नेहमी दोन टोकांमध्ये होते. भूतकाळातील कोणताही दिवस घेतला, तरी तेथून आजपर्यंतचे दिवस मोजण्याजोगेच असतात. अनंत आत्म्यांच्या युक्तिवादाविषयी, ईश्वराला मनुष्याविना जगही निर्माण करता आले असते, असे त्याने निदर्शनास आणले.

जगाला आरंभ आहे, हे अक्वायनसला मान्यच होते. परंतु जग निर्माण करणे ही ईश्वराची स्वतंत्र इच्छा असल्यामुळे तिचा तपशील जगाच्या निरीक्षणातून कळू शकत नाही. तो श्रुतीतूनच कळतो, असे त्याचे मत होते. श्रद्धेच्या समर्थनार्थ दुबळे पुरावे दिल्यास, ख्रिस्ती लोक अशाच पुराव्यांवर विश्वास ठेवतात असा अन्यांचा समज होऊन श्रद्धा हास्यास्पद ठरेल, असा इशारा त्याने ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथात दिला आहे. ईश्वराच्या अस्तित्वाची त्याची प्रमाणेही जगाच्या आरंभावर आधारलेली नाहीत.

कला विद्याशाखेतील अध्यापक

कला विद्याशाखेतील सीजर व बोएथियस यांनी ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाचे त्याच्या स्वतःच्या चौकटीत विवरण करण्याचा आग्रह धरला. हा बोएथियस मूळचा डेन्मार्कचा असून सहाव्या शतकातील त्याच नावाच्या तत्त्वज्ञाहून भिन्न होय. प्रत्येक शास्त्राला आपल्या मूलतत्त्वांच्या मर्यादेतच बोलता येते, असे त्याचे प्रतिपादन होते. निसर्गातील प्रत्येक गती आधीच्या गतीपासून उद्भवत असल्यामुळे निसर्गशास्त्रज्ञाला पहिली गती मान्य करता येत नाही. परंतु निसर्गापलीकडील कारणाच्या योगे जगाला आरंभ झाला आहे, हे श्रद्धेचे म्हणणे निरपेक्षपणे सत्य आहे. निसर्गशास्त्रज्ञाचे विधान ‘नैसर्गिक कारणांपुरते’ सत्य असल्यामुळे दोहोंत विरोध राहत नाही.

१२७० व १२७७ मधील निषेध

पॅरिसचा बिशप एत्येन तांपिए याने १० डिसेंबर १२७० रोजी तेरा विधानांचा निषेध केला. जग अनादी आहे आणि पहिला मनुष्य असा कोणी नव्हताच, ही विधाने त्यांत होती. पुढे ७ मार्च १२७७ रोजी त्याने २१९ विधानांची यादी प्रसिद्ध केली. ती शिकवणाऱ्यांना, तसेच ती ऐकून सात दिवसांच्या आत त्याची माहिती न देणाऱ्यांना धर्मबहिष्काराची शिक्षा सांगण्यात आली. जणू दोन परस्परविरोधी सत्ये असावीत, त्याप्रमाणे काही अध्यापक एकच गोष्ट तत्त्वज्ञानानुसार खरी, पण श्रद्धेनुसार खोटी मानतात, असा आरोप प्रस्तावनेत केलेला होता. बोएथियसच्या उपलब्ध लेखनात असा द्विसत्यवाद आढळत नाही. तथापि त्याच्या भूमिकेशी जुळणारे विधान यादीत समाविष्ट होते.

अक्वायनसच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. त्याचे नाव यादीत नव्हते. पण काही विधाने त्याच्या मतांना स्पर्श करणारी होती. १३२३ मध्ये त्याला संतपद देण्यात आले आणि १३२५ मध्ये पॅरिसच्या तत्कालीन बिशपने त्याच्या शिकवणीशी संबंधित असेल तेवढ्यापुरता हा निषेध मागे घेतला.

उत्तरकालीन प्रभाव

अनंताविषयीची चर्चा चौदाव्या शतकातही चालू राहिली. एक अनंत दुसऱ्यापेक्षा मोठे असू शकते काय, या प्रश्नाचा रिमिनीच्या ग्रेगरीसारख्या विचारवंतांनी सूक्ष्म अभ्यास केला. एकोणिसाव्या शतकात गेओर्ग कॅन्टर यांनी अनंत संचांचा गणिती सिद्धांत मांडल्यानंतर या प्रश्नाला नवे रूप मिळाले. जगाला आरंभ आहे व जगाला आरंभ नाही, या दोन्ही बाजूंची प्रमाणे समोरासमोर ठेवून इमॅन्युएल कान्ट याने १७८१ मध्ये बुद्धीचा पहिला अंतर्विरोध मांडला.

विसाव्या शतकात विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत पुढे आल्यावर हा विषय पुन्हा चर्चेत आला. पोप पायस बारावे यांनी १९५१ मधील एका भाषणात या संशोधनाचा निर्मितीच्या शिकवणीशी संबंध जोडला. त्या सिद्धांताचे एक जनक जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. मात्र विज्ञानातील आरंभ व ईश्वरविद्येतील निर्मिती यांची गल्लत करू नये, असे त्यांचे मत होते.

इटालियन कवी दान्ते याने आपल्या ‘दिव्हिना कोम्मेदिया’ या महाकाव्यात अक्वायनस, बोनाव्हेंचर व सीजर या तिघांनाही स्वर्गातील सूर्यमंडलात स्थान दिले असून तेथे सीजरचा परिचय अक्वायनसच करून देतो.